बर्फावर टाकलेले सोने

संकटात माणसाची पारख होते, हे वाक्य शाळेत निबंध लिहिताना आम्ही सर्वांनी कधी ना कधी वापरलेले आहे. वापरले, गुण मिळाले आणि विसरून गेलो. पारख होते म्हणजे नेमके काय होते, जिवावर बेतले असता माणूस काय उचलतो आणि काय टाकतो, कोणाला बरोबर घेतो आणि कोणाला मागे ठेवतो, हे आम्हाला कोणी विचारले नाही. यंदा ग्रंथालयातील भूगोलाच्या कपाटात अर्नेस्ट शॅकल्टन या दक्षिण ध्रुव प्रदेशात गेलेल्या दर्यावर्द्याचे चरित्र हाती लागले, आणि ते गुळगुळीत वाक्य मला पुन्हा नव्याने वाचावेसे वाटले. शॅकल्टनचे सगळे आयुष्यच जणू अशा निवडींचे आहे. काही निवडी इतक्या थोर की वाचताना हात जोडावेसे वाटतात. एक मात्र अशी आहे की ती मला अजून पटलेली नाही.

शॅकल्टनचा जन्म १५ फेब्रुवारी १८७४ रोजी आयर्लंडमधील किल्डेअर परगण्यात झाला. दहा भावंडांत तो दुसरा. वडील मूळचे शेतकरी. तिशी उलटल्यावर त्यांनी शेती सोडली, डॉक्टरी शिकले आणि लंडनला येऊन दवाखाना काढला. मुलाने आपल्यासारखे डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. पण मुलाचे चित्त समुद्राकडे लागलेले. सोळाव्या वर्षी डलिच कॉलेज ही शाळा सोडून तो शिडाच्या मालवाहू जहाजावर उमेदवार म्हणून गेला आणि चोविसाव्या वर्षी कप्तानाची परीक्षा उत्तीर्ण झाला.

१९०१ साली कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेत त्याला प्रवेश मिळाला. १९०२ च्या डिसेंबरअखेर स्कॉट, विल्सन आणि शॅकल्टन असे तिघे ८२ अंश दक्षिण अक्षांशाच्या पुढे पोचले. तोपर्यंत इतक्या दक्षिणेला कोणीही गेलेले नव्हते. परतताना शॅकल्टनला स्कर्व्हीने गाठले, रक्त पडू लागले, आणि स्कॉटने त्याला आजारी म्हणून मायदेशी पाठवून दिले. हा सल त्याच्या मनात कायम राहिला असे चरित्रकार सांगतात. मधल्या काळात त्याने लग्न केले, एका भूगोल संस्थेचे चिटणीसपद सांभाळले, १९०६ साली पार्लमेंटच्या निवडणुकीला उभा राहून पडला, आणि पैसा मिळविण्याचे जे जे उद्योग केले त्यांत बुडाला. जमिनीवर या माणसाला यश म्हणून आले नाही.

१९०७ साली त्याने स्वतःची मोहीम काढली. ९ जानेवारी १९०९ रोजी तो आणि त्याचे तीन सोबती ८८ अंश २३ मिनिटे दक्षिण या ठिकाणी उभे होते. ध्रुव तेथून सुमारे १८० किलोमीटर राहिला होता. एवढ्यासाठी माणसाने आयुष्य पणाला लावावे आणि ते समोर दिसावे, अशी ती जागा! पण शॅकल्टनने शिल्लक अन्नाचा हिशेब केला. पुढे गेलो तर ध्रुवावर पोचू, परत मात्र येणार नाही, असे त्या हिशेबाचे उत्तर होते. त्याने निशाण रोवले आणि पाठ फिरवली. जगातील पहिला माणूस होण्याचा मान त्याने तेथेच सोडून दिला. तो पुढे १९११ च्या डिसेंबरात नॉर्वेच्या अमुंडसेनला मिळाला.

त्या परतीच्या वाटेवर अन्न इतके अपुरे होते की वाटणीवरून मनात किंतु येऊ नये म्हणून एक रीत पाडलेली होती. एकाने पाठ करून बसायचे, दुसऱ्याने एका वाट्यावर बोट ठेवायचे, आणि पाठमोऱ्याने तो वाटा कोणाचा ते नाव सांगायचे. लहानपणी आंबे वाटताना आम्ही भावंडे हेच करीत असू, म्हणून मला त्याची गंमत वाटली. पण येथे आंबे नव्हते, जीव होता. ३१ जानेवारीला फ्रँक वाइल्ड हा सोबती पोटाच्या विकाराने हैराण झाला होता आणि त्याला घोड्याचे मांस पचत नव्हते. शॅकल्टनने आपल्या वाट्याचे एकुलते एक बिस्किट त्याला बळेच खायला लावले. वाइल्डने ही गोष्ट आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली आणि ती तो कधी विसरला नाही. हे बिस्किट वाचकांनीही लक्षात ठेवावे.

आता त्या प्रसिद्ध मोहिमेकडे येऊ. ध्रुव तर जिंकला गेला होता. म्हणून शॅकल्टनने संपूर्ण अंटार्क्टिका खंड एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत चालत ओलांडण्याचा बेत केला. एन्ड्युरन्स हे त्याचे जहाज वेडेल समुद्राकडून जाणार होते, आणि ऑरोरा नावाचे दुसरे जहाज पलीकडच्या रॉस समुद्राकडे जाऊन त्याच्या वाटेवर अन्नाचे साठे ठेवणार होते. १९१४ च्या ऑगस्टात पहिले महायुद्ध सुरू झाले. शॅकल्टनने जहाज आणि माणसे सरकारला देऊ केली; सरकारने मोहीमच पुढे नेण्यास सांगितले. ५ डिसेंबर १९१४ रोजी एन्ड्युरन्सने साउथ जॉर्जिया बेट सोडले. जहाजावर अठ्ठावीस माणसे होती. त्यांत पर्स ब्लॅकबरो नावाचा एक पोरगा तर ब्यूनस आयर्सला चोरून जहाजात लपून आलेला. जवळजवळ माझ्याच वयाचा!

१९१५ च्या जानेवारीत, जमीन थोडक्यात राहिली असता, गोठत्या समुद्राने जहाजाला मिठी मारली. ती सुटली नाही. दहा महिने जहाज बर्फाबरोबर वाहत राहिले, आणि मग बर्फ ते चिरडू लागले. २७ ऑक्टोबर १९१५ रोजी शॅकल्टनने सर्वांना खाली उतरण्याचा हुकूम दिला. सभोवती शेकडो मैल बर्फ, पायाखाली बर्फ, आणि त्या बर्फाच्या खाली समुद्र. आमच्या गावी बर्फ पाहायला मिळतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर, तेव्हा हे चित्र डोळ्यांपुढे आणायला मला फार प्रयास पडले.

येथून निवडीला सुरुवात झाली. शॅकल्टनने नियम केला की प्रत्येकाने जवळ फक्त दोन पौंड वजनाचे खासगी सामान ठेवायचे, म्हणजे किलोलाही कमीच. नियम सांगून तो थांबला नाही. सर्वांच्या देखत त्याने खिशातल्या सोन्याच्या मोहरा काढून बर्फावर टाकल्या, आणि राणी अलेक्झांड्राने मोहिमेला भेट दिलेले बायबलही तेथेच ठेवले. त्यातली दोनचार पाने तेवढी फाडून घेतली. मागाहून एका खलाशाने ते बायबल गुपचूप उचलून आणले, ही गोष्ट वेगळी. रोजनिश्या आणि घरची पत्रे ठेवायला मुभा होती. आणि हसी नावाच्या सोबत्याचा बँजो, चांगला साडेपाच किलोंचा, तो मात्र शॅकल्टनने हट्टाने बरोबर घेतला. सोने टाकायचे आणि वाद्य उचलायचे, हे प्रथम वाचले तेव्हा मला विचित्र वाटले. पण पुढे महिनोन् महिने त्या अंधारात आणि थंडीत माणसे गाणी म्हणत बसली ती त्याच बँजोवर. फ्रँक हर्ली या छायाचित्रकाराने बुडत्या जहाजातून काचेची चित्रे बाहेर काढली होती. तो आणि शॅकल्टन बर्फावर बसून एकेक काच पाहत गेले. सुमारे १२० ठेवल्या आणि सुमारे ४०० तेथेच फोडून टाकल्या, पुन्हा मोह नको म्हणून.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी आमच्या गल्लीत शिरले तेव्हा आमच्या अण्णांनी आधी हत्यारांची पेटी उचलली होती आणि आईने कागदपत्रांची पिशवी. कोणाला काय सोडवत नाही यावरून त्याचे जगणे कशावर उभे आहे ते कळते, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. शॅकल्टनचे जगणे माणसांवर उभे होते. जहाज गेले त्या दिवशीच त्याने खंड ओलांडण्याचा बेत मनातून काढून टाकला आणि अठ्ठावीस माणसे जिवंत परत नेणे एवढे एकच काम उरले असे ठरविले. केसाळ कातड्याच्या झोपायच्या पिशव्या अठराच होत्या, बाकीच्या लोकरीच्या, कमी उबेच्या. चिठ्ठ्या टाकल्या गेल्या, पण कशा कोण जाणे, उबदार पिशव्या बहुतेक साध्या खलाशांना मिळाल्या आणि लोकरीच्या साहेब लोकांच्या वाट्याला आल्या. त्या चिठ्ठ्यांत शॅकल्टनचा हात होता हे उघडच आहे. जी माणसे कुरकुर करणारी किंवा मानाला जपणारी, त्यांना त्याने स्वतःच्याच तंबूत घेतले.

परंतु याच दिवसांत दुसरीही एक गोष्ट घडली. जहाजाचा सुतार हॅरी मॅकनिश याचे एक लाडके मांजर होते. त्याचे नाव मिसेस चिप्पी, जरी ते बोका निघाले तरी. बर्फावरच्या प्रवासाला निरुपयोगी म्हणून ते मांजर आणि कुत्र्यांची लहान पिल्ले गोळ्या घालून मारण्यात आली. अन्नाच्या दृष्टीने ते चूक होते असे मी म्हणणार नाही. पुढे मोठे कुत्रेही मारावे लागले आणि शेवटचे काही तर खावे लागले. पण मॅकनिशने ते मांजर कधी विसरले नाही. होड्या ओढून माणसे जेरीस आली असता २७ डिसेंबरला तो अडून बसला. जहाजच बुडाले तर करार कसला उरला, असा त्याचा मुद्दा होता. शॅकल्टनने सर्वांना जमवून कराराची कलमे वाचून दाखविली आणि बंड तेथेच मोडले. दोनच दिवसांनी होड्या ओढणे अशक्य म्हणून शॅकल्टनलाही मुक्काम ठोकावा लागला, हे मात्र पुस्तकांत जरा घाईने सांगितलेले असते. फुटक्या जहाजाच्या लाकडांतून एक छोटे गलबत बांधू या, अशी सूचनाही या सुताराने पूर्वी केली होती. ती मानली गेली नाही.

१९१६ च्या एप्रिलात पायाखालचा बर्फ फुटू लागला. तीन उघड्या होड्यांतून माणसे निघाली आणि १५ एप्रिलला एलिफंट बेटावर उतरली. या प्रवासात हर्लीचे हातमोजे हरवले तेव्हा शॅकल्टनने आपले काढून दिले आणि स्वतःच्या बोटांना हिमदंश करून घेतला. ४९७ दिवसांनी त्यांचे पाय घट्ट जमिनीला लागले. परंतु त्या निर्जन बेटाकडे कोणतेही जहाज फिरकणार नव्हते. मदत आणायची तर ८०० सागरी मैलांवरील साउथ जॉर्जिया गाठायचे, जगातील सर्वांत खवळलेल्या समुद्रातून, सात मीटरांच्याही आतल्या होडीतून.

बरोबर कोणाला घ्यायचे? वर्स्ली हा दिशा काढण्यात तरबेज, क्रीन आणि मॅकार्थी दणकट व विश्वासू. उरलेले दोघे कोण, तर बंड करणारा मॅकनिश आणि दांडगट म्हणून वरच्या जागेवरून काढलेला व्हिन्सेंट. मागे राहणाऱ्या बावीस जणांत असंतोषाची ठिणगी नको, म्हणून अवघड माणसे त्याने आपल्याच होडीत घेतली असे बहुतेक चरित्रकार मानतात. शिधा मात्र चारच आठवड्यांचा घेतला; तेवढ्यात पोचलो नाही तर आपण जिवंत नसू, आणि मग मागच्यांच्या तोंडचा घास कशाला न्यायचा, हा विचार. मागच्या बावीस जणांना त्याने वाइल्डच्या हाती सोपविले. तोच वाइल्ड, बिस्किटवाला.

येथे मला थोडे मॅकनिशविषयी लिहायचे आहे. मी सुताराची मुलगी आहे, आणि त्याने जेम्स केअर्ड नावाच्या त्या होडीचे काय केले ते वाचताना मी पान दोनदा उलटून मागे गेले. त्याच्याजवळ मोजकी हत्यारे होती. लाकूड म्हणजे खोकी, स्लेजच्या पट्ट्या आणि दुसऱ्या होडीच्या काढलेल्या फळ्या. त्यातून त्याने होडीचे काठ उंच केले आणि वर सांगाडा करून गोठलेले कापड ताणून डेक बसविला. फटींत दिव्याच्या वाती ठासल्या आणि वर चित्रकाराचे तैलरंग व सीलचे रक्त लिंपले. हे सगळे उणे तापमानात, हिमवाऱ्यात, सुन्न बोटांनी. लाकूड तासताना थंडीच्या दिवसांत अण्णांची बोटे कशी होतात ते मी पाहिलेले आहे. त्या वाढविलेल्या काठांवाचून ती होडी पहिल्याच मोठ्या लाटेत भरली असती.

२४ एप्रिलला ते सहा जण निघाले. वर्स्लीला सगळ्या प्रवासात सूर्य उणापुरा चार वेळा दिसला आणि तेवढ्यावर त्याने बेट अचूक गाठले. १० मे १९१६ रोजी ते साउथ जॉर्जियाला लागले, पण नेमक्या उलट बाजूला. देवमाशांच्या शिकाऱ्यांची वसाहत डोंगरापलीकडे. शॅकल्टन, वर्स्ली आणि क्रीन यांनी कोणीही न ओलांडलेले ते डोंगर छत्तीस तासांत ओलांडले. साधने काय, तर पंधरा मीटर दोर, सुताराचा वाकस, आणि बूट घसरू नयेत म्हणून तळव्यांत ठोकलेले होडीचे स्क्रू. ते स्क्रूदेखील मॅकनिशनेच बसविले होते. वाटेत दोघांचा डोळा लागला तेव्हा शॅकल्टन जागा राहिला, कारण तिघेही झोपले तर कोणी उठणार नाही. पाच मिनिटांनी त्याने त्यांना उठविले आणि अर्धा तास झोपलात असे सांगितले. दुसऱ्या दिवशी वर्स्ली जहाज घेऊन मागे राहिलेल्या तिघांना आणायला गेला, तर दाढी करून स्वच्छ झालेल्या वर्स्लीला त्यांनी ओळखलेच नाही, आपल्यातले कोणीच कसे आले नाही म्हणून ते रुसले.

एलिफंट बेटावरील बावीस जण दोन पालथ्या होड्यांखाली राहत होते. ब्लॅकबरोच्या पायाची हिमदंशाने कुजलेली बोटे डॉक्टरांनी तेथेच, चरबीच्या चुलीच्या उजेडात कापली. वाइल्ड रोज सकाळी सर्वांना पथाऱ्या गुंडाळून ठेवायला लावी, कारण साहेब आजच येण्याचा संभव आहे. असे चार महिने. शॅकल्टनचे तीन प्रयत्न बर्फाने परतविले. अखेर चिली देशाचे येल्चो हे छोटे जहाज, लुईस पार्दो या कप्तानासह, ३० ऑगस्ट १९१६ रोजी बेटापाशी आले. बावीसच्या बावीस जिवंत होते.

बहुतेक लेख येथे टाळ्या वाजवून संपतात. पण पलीकडच्या रॉस समुद्राकडे शॅकल्टनच्याच नावाने गेलेली माणसे होती. ऑरोरा वादळात वाहून गेले आणि दहा जण किनाऱ्यावर अडकले. अपुऱ्या कपड्यांनिशी त्यांनी ठरलेले साठे ठरल्या जागी नेऊन ठेवले, जो माणूस कधी येणारच नव्हता त्याच्यासाठी. स्पेन्सर-स्मिथ स्कर्व्हीने वाटेत गेला. मॅकिंटॉश आणि हेवर्ड समुद्रावरच्या कच्च्या बर्फात नाहीसे झाले. १९१७ च्या जानेवारीत शॅकल्टन स्वतः जहाजाबरोबर जाऊन उरलेल्या सात जणांना घेऊन आला. शॅकल्टनने एकही माणूस गमावला नाही असे जे सर्रास लिहिले जाते, ते एन्ड्युरन्सपुरतेच खरे आहे.

आणि मग ती न पटणारी निवड. मोहिमेतील लोकांना ध्रुवपदक देण्याची वेळ आली तेव्हा शॅकल्टनने चार नावे वगळली. त्यांत व्हिन्सेंट होता आणि मॅकनिशही होता. डॉक्टर मॅकलिनसारख्या सोबत्यालाही मॅकनिशवर हा अन्याय झाला असे वाटले. बर्फावर असताना ज्या बंडखोराला शॅकल्टनने आपल्या होडीत घेतले, त्याला त्याने घरी पोचल्यावर, पोटभर जेवून, शाईच्या दौतीसमोर बसून क्षमा केली नाही. संकटातली निवड माणसाचे खरे रूप दाखविते असे आपण म्हणतो, तर मग ही निवड कशाचे रूप दाखविते? मृत्यू समोर असताना त्याला प्रत्येक माणूस मोलाचा वाटला. मृत्यू दूर गेल्यावर त्याला आठवली ती आज्ञा न पाळणारी जीभ. माझ्या मते दोन्ही शॅकल्टन खरे आहेत. अण्णांना मी ही हकीकत सांगितली तेव्हा ते एवढेच विचारते झाले की त्या सुताराची मजुरी तरी चुकती झाली का.

जमिनीवर शॅकल्टनला पुन्हा चैन पडले नाही. व्याख्याने देऊन आणि पुस्तक लिहूनही कर्ज फिटेना. मॅकार्थी तर १९१७ सालीच महायुद्धात मारला गेला होता. १९२१ साली शॅकल्टनने क्वेस्ट नावाचे जहाज घेऊन पुन्हा दक्षिणेची वाट धरली. जुन्या सोबत्यांपैकी वाइल्ड, वर्स्ली, मॅकलिन, हसी असे कित्येक जण बोलावताच आले. ५ जानेवारी १९२२ रोजी पहाटे साउथ जॉर्जियाच्या बंदरात हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. वय सत्तेचाळीस. पत्नीच्या इच्छेवरून त्याला तेथेच, ५ मार्च रोजी, पुरण्यात आले. बरोबर शंभर वर्षांनी, ५ मार्च २०२२ रोजी, वेडेल समुद्राच्या तळाशी ३००८ मीटर खोलीवर एन्ड्युरन्स सापडले.

वाइल्ड १९३९ साली दक्षिण आफ्रिकेत वारला. २०११ साली त्याची रक्षा साउथ जॉर्जियाला नेऊन शॅकल्टनच्या उजव्या हाताला ठेवण्यात आली. मॅकनिश न्यूझीलंडमधील वेलिंग्टनला धक्क्यावर काम करीत राहिला, पुढे हात चालेनासे झाले, आणि १९३० साली अनाथ वृद्धांच्या आश्रमात मेला. त्याच्या थडग्यावर एकोणतीस वर्षे दगडही नव्हता. १९५९ साली दगड बसला आणि २००४ साली त्यावर काशाचे एक मांजर. त्याने काठ वाढविलेली जेम्स केअर्ड ही होडी लंडनला, शॅकल्टन सोळाव्या वर्षी ज्या शाळेतून निघून गेला त्या डलिच कॉलेजात, जपून ठेवलेली आहे.